दिवसाचा पगार आणि हजाराचा दर

गेल्या आठवड्यात शेजारच्या अक्का संध्याकाळी दारात येऊन बसल्या. हातात मोबाईल, त्यावर कुणीतरी पाठवलेली बातमी: किमान वेतनात वाढ. "तू हिशेबाचं काम करतीस ना गं, मग सांग," त्या म्हणाल्या, "आमच्या हजाराला किती वाढलं?"

सोलापूरच्या पूर्व भागात 'हजार' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. हजार म्हणजे हजार विड्या. माझ्या आईनं तीस वर्षं हजाराच्या दरावर घर चालवलं, अक्का अजून चालवतात. बातमीतला आकडा मात्र महिन्याचा होता. त्या आकड्यापासून अक्कांच्या हजारापर्यंत पोचायला आम्हाला दीड तास लागला, मधे दोनदा चहा झाला. तेवढ्या वेळात जे बोलणं झालं ते इथे नीट मांडते आहे. यंत्रमागावर नगाप्रमाणे मजुरी घेणारा, कांडीवर सूत भरणारी बाई, दुकानात बारा तास उभा राहणारा पोरगा, सगळ्यांचा प्रश्न शेवटी हाच असतो: वाढलं म्हणतात, मग माझ्या हातात काय आलं?

आकडा ठरतो कसा

किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. ठरावीक उद्योगांची यादी असायची आणि त्या यादीतल्या उद्योगांसाठी सरकार वेतनाचा तळ ठरवायचं. त्याच्या खाली कुणी मजुरी द्यायची नाही, कामगार स्वतः तयार असला तरीही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी वेतन संहिता लागू झाली. संहितेत यादीची अट गेली, सगळ्याच कामांना किमान वेतन लागू झालं. शिवाय केंद्र सरकारनं देशभरासाठी एक तळ ठरवायचा आणि कुठल्याही राज्यानं त्याखाली जायचं नाही, अशीही तरतूद आहे.

पण तळ किती खोल असावा? याचं उत्तर १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं, आणि अजून बरंचसं तेच चालू आहे. एक कमावता माणूस, त्याची बायको, दोन मुलं. पुरुषाचं खाणं १ धरायचं, बाईचं ०.८, प्रत्येक मुलाचं ०.६. बेरीज ३. या तीन एककांना प्रत्येकी रोजचे २,७०० उष्मांक मिळतील एवढं अन्न, घरासाठी वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण, दिवाबत्ती, किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सांगितलं की एवढ्यानं माणूस जगत नाही. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी आणखी २५ टक्के धरा.

ही बेरीज अक्कांपुढे करून दाखवली. केंद्रानं वेतन संहितेसाठी २०२० साली जो नियमांचा मसुदा काढला, त्यात घरभाडं अन्न आणि कापडाच्या खर्चाच्या १० टक्के धरलं होतं. कापड ७२ वारांचं ६६ मीटर झालं होतं, म्हणजे जवळपास तेवढंच. समजा चार माणसांचं खाणं आणि कापड मिळून महिन्याला ९,००० रुपये लागतात. माणशी दिवसाला ७५ रुपये, त्यात दोन वेळचं जेवण, चहा, दूध, तेल आणि कपडे. त्यावर घरभाडं ९०० रुपये. झाले ९,९००. जळणाचे २० आणि शिक्षण-औषधाचे २५ टक्के वेतनातूनच निघणार, म्हणजे हे ९,९०० रुपये वेतनाच्या ५५ टक्के झाले. पूर्ण वेतन १८,०००. महिन्याचे २६ दिवस कामाचे धरले तर रोजचे ६९२ रुपये.

अक्का आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "नऊशे रुपयात खोली कुठं मिळती?"

बरोबर विचारलं त्यांनी. हिशेबात आणखीही भोकं आहेत. घरातली म्हातारी आई त्या तीन एककांत बसत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात जारचं पाणी विकत घ्यावं लागतं, ते त्यात नाही. मोबाईलचं रिचार्ज १९५७ मध्ये नव्हतं, आज ते नसेल तर पोराचा शाळेचा निरोपही घरी येत नाही. तरीही हा हिशेब मला मोलाचा वाटतो. मालकाला काय परवडतं हे तो आधी विचारत नाही, माणसाला जगायला काय लागतं हे आधी विचारतो.

१८,००० हा आकडा वाचून काहींना ओळखीचं वाटलं असेल. सातव्या वेतन आयोगानं केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन याच पद्धतीनं काढलं होतं, आणि १ जानेवारी २०१६ पासून ते दरमहा १८,००० झालं. वर महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. त्यानंतर २०१८ च्या किंमती धरून केंद्रानंच नेमलेल्या डॉ. अनुप सत्पथी समितीनं सगळ्या देशासाठी रोज ३७५ रुपये, म्हणजे महिना ९,७५० रुपये सुचवले. शहरात घरभाड्यासाठी १,४३० रुपयांपर्यंत जास्तीचे. त्या समितीनं उष्मांक २,७०० वरून २,४०० वर आणले, पण कुटुंब ३ ऐवजी ३.६ एककांचं धरलं, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांचाही विचार केला. आणि त्या वेळी देशाचा जो अधिकृत तळ होता तो होता रोज १७६ रुपये, तोही राज्यांवर बंधनकारक नसलेला. पोट सगळ्यांना सारखंच असताना हिशेब एका ठिकाणी १८,००० वर गेला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या निम्म्याच्या जरा वर थांबला. उत्पन्नातली विषमता आपण अब्जाधीशांच्या बातम्यांत शोधतो. ती इथेही असते, सरकारी कचेरीतला शिपाई आणि त्याच गल्लीतला मागवाला यांच्या मधे. शिपायाला जास्त मिळतं असं मी अजिबात म्हणत नाही. त्याला माणसाच्या गरजेप्रमाणे मिळतं. मागवाल्याला मिळत नाही.

वाढ कुठली आणि भरपाई कुठली

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात. मूळ वेतन आणि विशेष भत्ता. मूळ वेतन उद्योगागणिक, कामाच्या कौशल्यागणिक आणि परिमंडळागणिक वेगळं. मुंबई-पुण्याचं एक, लहान गावाचं दुसरं. ते पाच वर्षांच्या आत पुन्हा ठरवायचं असा कायदा आहे. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. अक्कांच्या मोबाईलवर आलेली बातमी या भत्त्याची होती.

हा भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावरून निघतो. नाव अवघड असलं तरी गोष्ट साधी आहे. एक ठरावीक बाजारहाट घ्यायचा: धान्य, तेल, भाजी, भाडं, कपडा, गाडीभाडं, औषध, शाळा. २०१६ साली तो १०० रुपयांना येत होता असं धरायचं. आज त्याच पिशवीला किती लागतात ते मोजायचं. २०२५ च्या शेवटी देशाचा आकडा १४७-१४८ च्या घरात होता. म्हणजे २०१६ मध्ये १०० रुपयांत जी पिशवी भरायची, तिला दीडशेला थोडेच कमी लागू लागले. औद्योगिक कामगारांचा हा निर्देशांक देशभरातल्या ८८ केंद्रांतून गोळा होतो आणि सोलापूर त्यातलं एक जुनं केंद्र आहे. इथल्या बाजारातली ज्वारी, तूरडाळ, शेंगदाण्याचे भाव त्या मोजणीत जातात. आपल्या मंडईतल्या भावावरून आकडे तयार होतात हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

आता मुद्द्याचं. पिशवी ६ टक्क्यांनी महाग झाली आणि मजुरी ४०० ची ४२४ झाली, तर मजुरीही ६ टक्क्यांनीच वाढली. हातात २४ रुपये जास्त, पिशवीत एक दाणाही जास्त नाही. ही भरपाई झाली. तीही उशिरा येते, कारण मागच्या सहा महिन्यांची महागाई मोजून पुढच्या सहा महिन्यांचा भत्ता ठरतो. मधले महिने उधारीवर जातात, वाण्याच्या वहीत. खरी वाढ फक्त मूळ वेतन बदललं तरच होते. ते लांबलं तर कामगार जुन्याच राहणीमानावर उभा राहतो, मग भत्ता कितीही वेळा वाढू दे. म्हणून बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारायचा: मूळ वाढलं की भत्ता?

दुसरी एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. निर्देशांकाच्या पिशवीत खाण्यापिण्याचा वाटा साधारण ३९ टक्के धरला आहे. २००१ च्या जुन्या मालिकेत तो ४६ टक्के होता. कारखाने, खाणी, रेल्वे, बंदरं अशा ठिकाणच्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करून हा वाटा ठरला. पण घर जितकं गरीब तितका कमाईतला मोठा हिस्सा खाण्यावर जातो. समजा एका वर्षी खाण्याच्या वस्तू १० टक्क्यांनी महागल्या आणि बाकी सगळं २ टक्क्यांनी. निर्देशांक म्हणेल महागाई ५.१ टक्के. ज्या घरात कमाईतले साठ टक्के चुलीला लागतात, त्या घराची महागाई ६.८ टक्के. भत्ता मिळणार ५.१ चा. फरक दिसायला दीड-पावणेदोन टक्क्यांचा, पण तो दरवर्षी साचत जातो.

रेशनवर माणशी पाच किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं, आणि त्यानं मोठा आधार दिलाय हे मी स्वतः बघते आहे. पण मिळतं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. आपल्याकडे जेवण म्हणजे भाकरी. ज्वारी बाजारातून आणायची, वर शेंगाचटणीचे शेंगदाणे आणि तेल.

फट

इथपर्यंत झालं दिवसाच्या आणि महिन्याच्या पगाराचं. सोलापूरची खरी अडचण पुढे सुरू होते. किमान वेतन बहुतेक दिवसावर ठरतं आणि इथल्या हजारो बायकांना, माणसांना मजुरी नगावर मिळते.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आईबरोबर ब्रँचवर जायचे. ब्रँच म्हणजे विडी कंपनीचं पानं-तंबाखू द्यायचं आणि वळलेल्या विड्या जमा करून घ्यायचं ठिकाण. आदल्या रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. पहाटे उठून आई फर्मा ठेवून कात्रीनं पानं कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायची. चिमूटभर तंबाखू, बोटांत एक वळसा, तोंड दुमडलं, दोरा बांधला. पंचवीसचं एक बंडल, चाळीस बंडलं म्हणजे हजार. ब्रँचवर चेकर बंडल हातात घेऊन नुसतं अंगठ्यानं दाबायचा. एक विडी सैल लागली की बंडल बाजूला. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळायचे नाहीत आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. त्या दिवशी आईची तीन बंडलं गेली होती. पंचाहत्तर विड्या, पाऊण-एक तासाचं काम. ती काही बोलली नाही. घरी येताना मला म्हणाली, पानंच वाळकी दिली होती. त्या विड्यांचं पुढे काय होतं, ते मला त्या वयात कळत नव्हतं. आता कळतं आणि राग येतो.

दिवसाच्या वेतनाचं हजाराच्या दरात रूपांतर करताना गृहीत धरलं जातं की एक बाई दिवसात अमुक विड्या वळते. इथे तीन-चार ठिकाणी गळती असते, आणि प्रत्येक गळती इतकी बारीक की भांडायलाही लाज वाटावी. आकडे समजुतीसाठी घेऊ. समजा दिवसाचं किमान वेतन ४०० रुपये ठरलं, दिवसाला हजार विड्या धरल्या, म्हणून हजाराचा दर ४००. २६ दिवसांचे १०,४०० रुपये. हे झालं कागदावरचं.

प्रत्यक्षात ब्रँचवरून पानं-तंबाखू मिळतात आठशे विड्यांपुरते. त्यातल्या चाळीस छाटीत गेल्या, राहिल्या ७६०. मजुरी ३०४ रुपये. दिलेली पानं कमी भरली किंवा फाटकी निघाली म्हणून वीस रुपयांची पानं बाहेरून आणली. राहिले २८४. महिन्यात माल मिळाला वीस दिवस. हातात आले ५,६८०. कागदावरच्या आकड्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. आणि दर तर पूर्ण ४०० च दिला आहे! तपासणीला आलेल्या माणसाला रजिस्टरमध्ये कुठेही चूक दिसणार नाही.

आता दर १० टक्क्यांनी वाढवू. हजाराला ४४०. वर्तमानपत्रात मथळा येईल, महिन्याला हजाराहून जास्त वाढ. आमच्या बाईचं बाकी सगळं तसंच राहिलं तर तिला मिळतील ६,२८८, म्हणजे वाढ साधारण सहाशेची. पण दर वाढल्यावर मालकानं माल कमी केला, आठशेऐवजी सातशेचा दिला, तर? ६६० विड्यांचे २९०, त्यातून पानांचे वीस गेले, वीस दिवसांचे ५,४०८. दर वाढला आणि कमाई २७२ रुपयांनी कमी झाली. "असंच झालतं," अक्का म्हणाल्या. त्यांना हे गणित माझ्याआधी माहीत होतं, फक्त त्यांच्याकडे ते आकड्यात नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या शहरात नुसत्या दराचं भांडण अपुरं आहे. दराबरोबर किती माल मिळणार, किती दिवस मिळणार आणि छाट कोण ठरवणार, हे बांधून घेतलं पाहिजे. कायद्यात याला आधार आहे. ज्या कामाला दिवसाचं किमान वेतन ठरलेलं आहे आणि नगाचा किमान दर वेगळा ठरलेला नाही, ते काम नगावर करून घेतलं तरी दिवसाच्या वेतनापेक्षा कमी देता येत नाही, हे १९४८ च्या कायद्यात होतं आणि संहितेतही आहे. अडचण एवढीच की घरी बसून काम करणाऱ्या बाईचा दिवस मोजायचा कुणी? ती स्वयंपाक करता करता वळते, रात्री मालिका बघता बघता वळते, शाळेतून आलेली पोरगी दोरा बांधू लागते. कारखान्यात भोंगा व्हायचा.

भोंगा या शहरानं चांगला ऐकला आहे. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, या गिरण्यांच्या भोंग्यावर सोलापूरची घड्याळं लागायची. गिरणीतल्या बऱ्याच कामगारांना हजेरीचा पगार होता. सूत आलं नाही, वीज गेली, तर तो तोटा आधी गिरणीचा असे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, काम यंत्रमागावर आणि घराघरांत गेलं, आणि तो तोटा सोसायचं काम मालकाच्या वहीतून कामगाराच्या चुलीपाशी आलं. वेतनाचा तळ कागदावर वर-वर जात राहिला, तरी पायाखालची जमीन मऊ झाली ती अशी. घरखेप कामगार हा शब्द सरकारी कागदात असतो. त्याचा अर्थ, दिवस खराब गेला तर त्याची किंमत मोजणारा कामगार.

मालक काय म्हणतात

दहा-बारा मागांचा कारखानदार म्हणजे काही कुबेर नव्हे, हेही खरं आहे. त्याला सुताचा भाव, विजेचं बिल, पानिपतहून येणारी स्वस्त चादर, या सगळ्याशी झुंजायचं असतं. तो म्हणतो, मजुरी वाढवली तर मी बुडेन. एकट्यानं वाढवली तर तो बुडूही शकतो. किमान वेतन सगळ्यांना एकदम लागू करतात ते त्यासाठीच. मग कमी मजुरी देऊन दुसऱ्याचा धंदा ओढण्याचा रस्ता सगळ्यांनाच बंद होतो. विडीच्या बाबतीत हाच प्रश्न राज्याराज्यांत आहे. इथे दर वाढला की काम पश्चिम बंगालसारख्या कमी मजुरीच्या राज्याकडे सरकतं. त्यामुळे संहितेतला देशभराचा तळ पुरेसा उंच ठरला, तर त्याचा फायदा मुंबईपेक्षा सोलापूरला जास्त आहे. तो खालीच ठेवला तर पळापळ चालूच राहील.

मजुरी वाढली की वस्तू महागते, हा दुसरा आक्षेप. किती महागते ते बघू. हजार विड्यांची चाळीस बंडलं. हजाराचा दर ४० रुपयांनी वाढवला तर बंडलामागे बरोबर एक रुपया. एवढंच. तो एक रुपया गिऱ्हाइकानं द्यायचा, दुकानदारानं सोडायचा की कंपनीनं, यावर वाद होऊ शकतो. विडी प्रकृतीला वाईट आहे, तिचा खप कमी होत जाणार आणि झालाच पाहिजे. ज्या बायका तीस-तीस वर्षं तंबाखूच्या धुळीत बसल्या त्यांच्या छातीचे एक्स-रे मी बघितले आहेत. पण धंदा संपत जाणार म्हणून संपेपर्यंत कमी मजुरी द्यायची, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

तिसरा आक्षेप रोजगाराचा, आणि तो सर्वांत गंभीर. वेतन वाढलं की नोकऱ्या जातात का? पूर्वी अर्थशास्त्राच्या पुस्तकात सरळ हो लिहिलेलं असायचं. अमेरिकेत एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या चारशेहून जास्त खाद्यगृहांतली माणसं मोजली. न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झालेल्या आढळल्या नाहीत. त्यावर बराच वाद झाला, अजून चालतो, पण कार्ड यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. जर्मनीत १ जानेवारी २०१५ ला पहिल्यांदा देशव्यापी किमान वेतन आलं. त्याआधी लाखो नोकऱ्या जातील असं भाकीत होतं, ते खरं ठरलं नाही.

असं का होत असावं? अक्कांकडेच बघा. घर सोडून लांब जाता येत नाही, नातवंडं आहेत, दुसरं काम शिकायचं वय गेलं. चालत जाता येईल अशी एकच ब्रँच. बाजारात विकणारे शंभर आणि घेणारं गिऱ्हाईक एकच, अशी ही स्थिती. मग भाव गिऱ्हाईक ठरवतं आणि तो कष्टाच्या किंमतीपेक्षा कमी असतो. तिथे कायद्यानं भाव थोडा वर नेला तर मालकाचा जास्तीचा नफा कमी होतो, काम जातंच असं नाही. मर्यादा याही गणिताला आहे. चारशेचे एकदम हजार केले तर काम जाईल. अमेरिकेतल्या खाद्यगृहाचा अनुभव जसाच्या तसा आमच्या साखरपेठेतल्या मागाला लावता येणार नाही, कारण तिथे तपासणी होते आणि नोंद असते, इथे निम्मा कारभार तोंडी. पण 'वाढवलं की बुडालं' हे वाक्य पुराव्याशिवाय मान्य करायचं कारण उरलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं तर १९५७ मध्येच क्राऊन ॲल्युमिनियमच्या खटल्यात म्हटलं होतं की किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही.

दरी

देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे २०२२-२३ मध्ये एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता, असा वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांचा २०२४ चा अंदाज आहे. किमान वेतनानं हा वाटा फारसा हलणार नाही, तो कराचा विषय आहे. किमान वेतन खालून काम करतं. १० टक्के वाढ १०,००० वाल्याला १,००० देते आणि १ लाखवाल्याला १०,०००, म्हणजे टक्के सारखे असूनही दोघांतलं अंतर ९०,००० चं ९९,००० होतं. दरी बुजवायची असेल तर खालच्याचे टक्के वरच्यापेक्षा सतत जास्त असावे लागतात. महागाईइतकीच भरपाई देत राहिलं तर ते कधीच होणार नाही.

लाडकी बहीणचे दरमहा १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले, आणि आमच्या गल्लीत त्या पैशांनी गॅस आला, वह्या आल्या. कामाच्या २६ दिवसांवर वाटले तर रोजचे ५८ रुपये होतात. मला भीती एकच वाटते. हे पैसे सरकारचे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे. मालकानं द्यायच्या मजुरीची जागा त्यांनी घेऊ नये. 'आता मिळतात की पंधराशे' असं वाक्य मजुरीच्या बोलणीत ऐकू यायला लागलंय.

आणि म्हातारपण. आईला निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये मिळतं. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतली ही किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली, त्यानंतर ती वाढली नाही. तिला कुठलाही निर्देशांक जोडलेला नाही. तिच्या रक्तदाबाच्या आणि दम्याच्या गोळ्यांना मात्र जोडलेला आहे.

अक्का उठताना मी त्यांना लॉगबुक, म्हणजे ब्रँचवरच्या कामाच्या नोंदीचं पुस्तक, मागितलं. सहा महिन्यांची पानं चाळली. विड्यांचा आकडा होता, तारीख होती, छाटीचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा. छाट रोज जाते आणि नोंद शून्य. कमी मिळालेल्या वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि फरकाच्या दहा पटींपर्यंत भरपाई मिळू शकते, पण दाव्याला कागद लागतो. तेव्हा आम्ही नातवाची एक जुनी वही घेतली. पान उभं आखलं: तारीख, पानं किती मिळाली, विड्या किती दिल्या, छाट किती, बाहेरची पानं किती रुपयांची. पहिल्या ओळीत त्या दिवसाचे आकडे अक्कांनी स्वतः लिहिले. आठशेची पानं, सातशे पंचवीस जमा, छाट पंचाहत्तर.